ऐनाच्या चार झाडांवरची तार

मंडळी, डॉक्टरांच्या अंगणात आज मुरबाडहून माणसं आली, पाड्यांवरून आली, आणि बोलायला उभं केलंत मला. काय बोलू? मला रानातून हाका मारायची सवय. सभेत बोलायची नाय. पण आपल्या डॉक्टरीणबाई, माई, म्हणाल्या, "शेवंता, तुझ्याच झाडांवर ह्यांचा जीव होता, तूच बोल." म्हणून बोलते.

गुरांचे डॉक्टर म्हणून ते आपल्या गावात आले. पहिल्यांदा माझी म्हैस बघायला आले. सुई टोचली, आणि मग म्हैस सोडून झाडंच बघत बसले. पावसाळ्याचे दिवस. ह्या अंगणाला लागून आमच्या बांधावर चार ऐन, हिरवेगार. मला म्हणाले, "वहिनी, ही चार झाडं मला देता का?"

मी म्हटलं, "तोडायला?"

"नाही हो. तार बांधायला. चारी झाडांना फेरा मारून जिथून निघाली तिथंच परत आली पाहिजे."

"मग एवढी फिरवायची कशाला?"

हसले. पण सगळं सांगितलं. कुणी काय विचारलं की हा माणूस कधी कंटाळला नाय. त्यांच्याकडे बिनतारी यंत्र होतं, हौस म्हणून बोलायचं सरकारी लायसन होतं. कसाऱ्याला त्यांचे मित्र, रेल्वेतले, त्यांच्याकडेपण तसंच यंत्र. पण मधे डोंगर. "सरळ हाक डोंगराला आपटते," डॉक्टर म्हणाले, "ही तार हाक वर फेकेल. ती आभाळातून परत पडेल, डोंगराच्या पलीकडे."

मी वर बघितलं. आभाळाला काय छप्पर आहे, हाक परत यायला? ते म्हणाले, "आहे. दिवसा वेगळं, रात्री वेगळं. म्हणून एकाच तारेवर पुष्कळ वाटा पाहिजेत."

एका तारेवर पुष्कळ वाटा? मला काय पटेना. तेव्हा त्यांनी म्हशीचं दावं घेतलं, एक टोक खुंट्याला बांधलं, दुसरं हलवलं. दाव्याला एक पोट पडलं. जोरात हलवलं, दोन पडली. आणखी जोरात, तीन. म्हणाले, "दावं तेच आहे ना, वहिनी? तारेचंही तसंच. जितकी पोटं, तितक्या वाटा." मंडळी, त्या दिवशी मी सगळी दुपार दावं हलवत बसले. म्हैस बघत राहिली.

तार चढली. कसारा बोलला, आणि कुठले कुठले परमुलूखपण बोलले. आमी ओटीवर बसून ऐकायचो.

मग आली थंडी. तुमाला ठाऊक आहे, भाताची रोपं पाहिजेत तर राब भाजायला पाहिजे, वाफ्यावर पाला पसरून जाळायला पाहिजे, आणि त्याला ऐनाचे टहाळे, पाल्याच्या फांद्या. आपल्यात शेंबड्या पोराला ठाऊक. डॉक्टरांना नव्हतं! त्यांनी तार बांधली होती ती नेमकी टहाळ्यांना. आमचे धनी कोयता घेऊन झाडाखाली उभे, वर बघतात तर तार. मला म्हणाले, "आता काय करू गो? टहाळे नाय तर रोपं नाय."

डॉक्टर धावत आले. मला वाटलं, आता गळ घालतील. एवढ्या खटाटोपाची तार, कोण सोडेल? त्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा धन्यांच्या कोयत्याकडे. म्हणाले, "आधी राब." आणि स्वतःच्या हातानं तार सोडली.

टहाळे उतरले, नुसते खोडाचे शेंडे राहिले. डॉक्टरांनी त्यांना कप्प्या बांधल्या, कप्पीवरून दोरी, दोरीला तार. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या जात्याची फुटकी तळी टांगली, वाऱ्यात झाड हललं तरी तार तुटायला नको म्हणून. आणि काय सांगू, तार आधीपेक्षा भारी चालली! पाला लागत नव्हता, ओढ बसत नव्हती. घरी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या कोयत्यानं माझा अँटेना सुधारला." तेव्हापासून रिवाजच पडला. दर वर्षी तार खाली, टहाळे खाली, मग तार वर. दोरी ओढायला तुमीच तर यायचात.

यंदा टहाळ्यांसाठी तार खाली घेतली, आणि ती वर जायच्या आत डॉक्टरच गेले.

मला त्यांची फार आठवण येते. अजून किती विचारायचं राहिलं होतं.

माईंनी कसाऱ्याला फोन केला. त्या मित्रांनी आधी विचारलं, तार वर आहे का. मग म्हणाले, "तार चढवा. सभेच्या वेळेला मी त्याला हाक देईन. उत्तर नको. नुसती पोचू दे."

म्हणून आज सकाळी धनी झाडावर चढले, तळी मी धरली. चारी कोपरे वर गेले. पण नीट बांधली का? चालेल का? डॉक्टर नसताना पहिल्यांदाच बांधली. मला खरंच ठाऊक नाय.

डॉक्टर सांगायचे, बोलायच्या आधी ऐकायचं. तिथं आधीच कुणी बोलत असेल. आपल्याकडे लायसन नाय, आपल्याला बोलायचंच नाय. ऐकायचं आहे.

माई, यंत्र लावा. मंडळी, उभे राहा, गप्प राहा. मान खाली घालू नका, वर तारेकडे बघा.

डॉक्टर, राब झाला. तार चढवली आहे. आमचा नमस्कार घ्या.