पाठीवर पॅराशूट नाही

विमानाची भीती फक्त बायकांना वाटते म्हणता, तर आमचं ऐका. आमचे हे फौजेत, विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारणारे. पुण्याहून लखनऊला परतताना मी ह्यांच्या आणि सासूबाईंच्या मधे बसले होते. लखनऊच्या अमौसी विमानतळावर दाट धुकं होतं. विमान खाली जायचं आणि न टेकताच परत वर जायचं. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी ह्यांचा हात धरला. तो घामाने ओला होता.

"तुम्हीसुद्धा?"

"उडी मारायला मी कधी घाबरलो नाही," हे हळूच म्हणाले. "पण आज पाठीवर पॅराशूट नाही ना."

ह्यांच्या जिवावर तर मी विमानात चढले होते.

सासूबाईंनी ऐकलं. "अरे, फौजी ना तू? आता या वयात मला कसली भीती? आणा इकडे दोघांचे हात."

त्यांनी आमचे हात मांडीवर घट्ट धरले. अखेर विमान टेकलं. लोक बॅगा काढून निघाले.

"आई, सोड आता. उतरायचंय."

त्यांची पकड सुटेना. शेवटी एअर होस्टेसने येऊन त्यांचं एकेक बोट हलकेच सोडवलं, तेव्हा कुठे आम्ही तिघं उठलो.