मागचा लाईट

जयमाला : थांबवा त्यायले. एवढंच म्हणून राह्यली मी.

शेखर : वहिनी, थांबवायले काय? मी वर्दीत आहो, कागद पाहाले कोणालेही थांबवू शकतो. पण किसनभाऊचे कागद पक्के आहेत. लायसन, परमिट, इन्शुरन्स, सारं. पाहीन अन् सोडून देईन. चालान कशाचं करू?

जयमाला : डोळ्याचं करा.

शेखर : मशीनमध्ये तसं काही नसते, वहिनी.

जयमाला : लकव्याचा झटका आला तवापासून उजवीकडचं दिसतच नाही त्यायले. डोळे उघडे आहेत, पण उजव्या अंगाले काहीच नाही. ताटात तिकडं भाजी वाढली तर तशीच राह्यते. म्हणतात, आज भाजी नाही केली का? मंग ताट फिरवा लागते.

शेखर : डॉक्टर काय म्हणे?

जयमाला : गाडी चालवाची नाही म्हणे. तसं लिहून बी देलं बुलढाण्याच्या डॉक्टरनं.

शेखर : ते आणा ना मंग.

जयमाला : चुलीत घातलं त्यायनं.

शेखर : तुमी समजावा. पूनमले सांगा, पोरीचं आयकतात ते.

जयमाला : पूनमनं फोनवर हात जोडले. तिले म्हणतात, तू तुया घरचं पाह्य. परवा बकरी गेली चाकाखाली. त्यायले वाटलं, खड्डा होता. घरी येऊन मलेच सांगतात, रस्ते लय खराब झाले. टायरले केस चिपकले होते, शेखरभाऊ. मी धुतलं.

शेखर : अरे देवा.

जयमाला : सकाळच्या खेपेले शाळेच्या पोरी बसतात त्या गाडीत.

शेखर : बसा जराशा. पाणी देऊ?

जयमाला : नको. रडू बी येत नाही मले. काहीच होत नाही.

शेखर : मी तुमचं खोटं म्हणत नाही. पण मले दिसनारं कारण पाह्यजे. नाही तं उद्या साऱ्या गावात सांगतील, बायकोच्या म्हणण्यावरून पोलिसानं गाडी अडवली.

जयमाला : मागचा लाईट फुटला आहे गाडीचा.

शेखर : कवा?

जयमाला : सकाळीच. मी फोडला, वरवंट्यानं. ते न्हाणीत होते. आता तं होते ना चालान?

शेखर : ...होते.

जयमाला : ते पहा, आलीच गाडी.

शेखर : तुमी त्या लिंबाच्या झाडामागं जा.

जयमाला : कायले? इथंच, त्यायच्या उजव्या अंगाले उभी राह्यते.

(काळीपिवळी फाट्यावर थांबते. शेखर खिडकीपाशी जातो. जयमाला शेखरच्या बाजूलाच, किसनरावांच्या उजव्या अंगाला उभी.)

किसनराव : काय बे शेखर, सकाळी सकाळीच धंद्याले लागला? घे, पाह्य कागद. चावीले मात्र हात लावू नको, तो हक्क नाही तुले. इतका कायदा मलेबी समजते.

शेखर : नाही लावत. किसनभाऊ, मागचा लाईट फुटला आहे.

किसनराव : मंग कर चालान. भरून टाकीन. पोरींले उशीर होऊन राह्यला.

शेखर : एक सांगा भाऊ. इथं माह्याजवळ कोन उभं आहे?

किसनराव : हे काय विचारणं झालं? एकटाच तं आहे तू.

शेखर : नीट पहा.

किसनराव : पाह्यलं ना. तू अन् तुई ती मोटरसायकल.

जयमाला : मी बी आहो.

किसनराव : ...जयमाला? कवा आली तू?

जयमाला : तुमच्या आंधीची उभी आहो. इथंच.

शेखर : भाऊ, नुसता लाईट असता तं चालान करून सोडलं असतं. आता नाही सोडू शकत. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. आरटीओले रिपोर्ट पाठवा लागते, ते तुमची तपासणी करतील. पोरींले दुसऱ्या गाडीत बसवतो.

किसनराव : अन् खायाचं काय आपुन?

जयमाला : मालूम नाही.

किसनराव : हं.

जयमाला : मले काहीच मालूम नाही. बकरीच दिसते सारखी.

किसनराव : बकरी होती ते?

जयमाला : हाव.

किसनराव : सकाळी काच फुटल्याचा आवाज आला होता मले. न्हाणीत.

जयमाला : मंग गाडी काऊन काढली?

किसनराव : म्हटलं, पाहू, थांबवते का कोनी. मले सोताले थांबता येत नव्हतं.

शेखर : भाऊ, चावी...

किसनराव : घे. मीच देऊन राह्यलो, तू काढली नाही. पोरींची दप्तरं टपावर आहेत, ते उतरवजो.

शेखर : मोटरसायकलवर सोडून देऊ का घरी?

किसनराव : नको. गाव काय लांब आहे? पायी जातो. जयमाला...

जयमाला : आहो ना.

किसनराव : तिकडून नको. या बाजूनं चाल माह्या.