नातीच्या टॅबवरचं गणित

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलं होतं, वारा पडला होता आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. वडूजजवळच्या आमच्या गावच्या शाळेत सांगलीच्या कॉलेजातल्या मॅडम आल्या होत्या, म्हणून आम्हा घरच्या माणसांनाही बोलावलं होतं. टॅबवर पोरं गणित कसं शिकतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. माझी नात राणी चौथीत, पण टॅब तिला सातवीची गणितं देत होता. म्हणून मॅडमनी कौतुकानं तिलाच फळ्यापाशी बोलावलं आणि साधा भागाकार घातला. पोरगी खडू धरून नुसती उभी. सगळी शाळा बघतेय. शेवटी ती माझ्याकडं बघून रडायला लागली.

मग मला उठावंच लागलं. "मॅडम, पोरीचा दोष न्हाई. घरी ती टॅबवरचं गणित वाचायची, उत्तर मीच सांगायचो."

"तुम्ही किती शिकलात, आजोबा?"

"शाळा न्हाई बघितली. मेंढरं मोजून हिशेब डोक्यात बसला. ही चुकली की टॅब सोपं गणित द्यायचा. मला वाटायचं, आमच्या पोरीला कमी लेखतोय."

मॅडम हळूच म्हणाल्या, "ती कुठं अडते, तेवढंच त्याला बघायचं होतं. तिथूनच तो शिकवणार होता."

माझी मान खाली गेली. राणीचे डोळे पुसायचंही धाडस होईना.

बाहेर पडताना शेजारचा किसन म्हणाला, "आवं आबा, नात चौथीतच ऱ्हायली, आन् तुमी शाळंत न जाता सातवीत पोचलासा की!"