एल्फ्रीडेला वंगण घातलं

हॅलो? … हॅलो, वीबके? अगं किती वेळ लावलास! इथे माझा जीव नुसता टांगणीला लागलाय… पाय? पाय मरू दे, प्लास्टरमध्ये आहे तो, कुठे पळून जात नाही. माइक लागले का?

दोन्ही? एक खाली ऐरणीपाशी आणि एक वर, घण चढतो तिथे? … शहाणी माझी.

घाई करू नको म्हणजे? उद्या एल्फ्रीडेचे तुकडे करून भंगारात देणारेत ना! एवढा तीन मजली घण… क्रेन, साखळ्या, पंखे, वर्षभर सगळ्या कारखान्याचे आवाज गोळा केले, हाच एक राहिला. आणि शनिवारी बोखुम शहरातल्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम, रेडिओवाले खुर्च्या मांडून बसणार… हो, हो, तुला माहितीये. मीच भंजाळलेय.

तिच्या निरोपाला लोक जमलेत? … बटाट्याचं सॅलड पण? … काचमारेक फोरमननं टाय लावलाय? त्यानं? … बरं. बाबा आले का?

सकाळपासून? सकाळपासून तिथे काय करताहेत?

मोठ्यानं बोल ना, काय घातलं?

…वंगण?

कुठे वंगण? … वीबके, कुठे?

थांब. हसू नकोस. घण ज्या खाचांतून वर सरकतो, त्या खाचांना? सगळ्यांना? … आणि काचमारेकनं घालू दिलं?

अरे देवा!

अगं तोच तर आवाज! ती वर जाताना किंचाळते ना, तेच माझं गाणं. खालचा दणका काय, कुठेही मिळेल. त्या किंचाळण्यावर मधला सगळा भाग उभा आहे… जुनं रेकॉर्डिंग? त्यात क्रेनची घंटा घुसलीये गं, काढता येत नाही.

चालवून पाहिली? … काहीच नाही? जराही नाही?

पुसता येईल का? रॉकेलनं… ते जवळच उभे आहेत? मग हळू बोल ना! … काय म्हणाले? चारचौघांत मशीन कुरकुरलं तर लेकीची लाज जाईल? … माझ्या संगीताला आयुष्यभर खडखडाट म्हणणारा माणूस, आणि आज… नवा शर्ट? नव्या शर्टाला काळं लागलं?

नको, फोन नको देऊस त्यांना. वीबके, मी काय बोलणार आहे…

बाबा. हो. सांगितलं तिनं… पाय बराय. … हो, एकदम लोण्यासारखी. छान… खूप छान केलंत.

नाही, सर्दी नाही झाली.

बाबा, खरं सांगू? रागावू नका. मला ते किंचाळणंच हवं होतं. … हो, तेच. लहानपणी आपल्या खिडकीतून ऐकू यायचं. ते आलं की वाटायचं, तुम्ही कामावर आहात, धड आहात… नाही सांगितलं कधी. तुम्ही विचारलंत कुठे?

बाबा? …

…हे काय? हे कोण… बाबा, तुम्ही? तोंडानं काढताय?

अगदी तीच किंचाळी! शेवटी जरा फाटते, तेसुद्धा! … थांबू नका, म्हणजे, थांबा, थांबा! वीबकेला द्या फोन. लवकर!

वीबके, वरचा माइक काढ, बाबांसमोर धर. … घण उठू दे मुकाट्यानं, आवाज बाबा देतील. … काचमारेकलाही येतो? सगळ्यांनाच? मग सगळ्यांना उभं कर, पण बाबा पुढे.

लोखंड काढलं भट्टीतून? मग फोन बंद कर. … मला ऐकवायला चालू कसा ठेवशील? माइकजवळ फोन असला की रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते, तुला का मी सांगायला हवं? … हो, माझे बाबा आहेत म्हणूनच. त्यांच्या आवाजात मला घरघर नकोय. … रडतेय, मग?

त्यांनी श्वास घेतला? … अगं ठेव ना! … बरं. मीच ठेवते.