वेदीवरून बोललेलं

(सकाळी, मिस्सेच्या प्रार्थनेआधी, चर्चमागच्या खोलीत.)

ताई: माफ केलंय? तू? तिला?

फादर: ताई, हळू बोल. बाहेर माणसं येऊन बसलीत, मिस्सा सुरू व्हायचीय.

ताई: ऐकू देत की! गेल्या वर्षी नाताळाआधीच्या याच आगमनकाळात माझ्या लेकीचं सगळं माइकवरून ऐकवलंस, तेव्हा नाही सुचलं हळू बोलायचं.

फादर: मी नाव घेतलं नव्हतं.

ताई: ‘पुढं उभं राहून देवाची गाणी गाते आणि लग्नाआधीच पोटात पाप वाढवते.’ पुढं उभं राहून गाणाऱ्या किती होत्या रे? सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सख्खा मामा वेदीवर, आणि ही खाली गाण्यांच्या पुस्तकात तोंड खुपसून.

फादर: म्हणून तर ऑर्गनवाल्याकडे निरोप धाडला. झालं गेलं मी विसरलोय, माफ केलंय, नाताळला येऊन गा. चांगल्या मनानं धाडला गं.

ताई: निरोप ऐकला आणि ताट सरकवून उठली ती. म्हणे विसरलोय! बाळ सहा महिन्यांचं झालं. दोन गल्ल्या ओलांडून त्याचं तोंड तरी पाहिलंस?

फादर: कुठल्या तोंडानं येणार होतो? मी त्याचं पापनिवेदन केलंय, ताई. मोठ्या फादरांकडे. उपासही केले.

ताई: मोठ्या फादरांना काय बोलला होतास तू? त्यांना कुठे लागलं होतं?

फादर: देवाकडे क्षमा मागितली.

ताई: माग ना. जरूर माग. आणि तिच्या वाट्याला काय, ऑर्गनवाला?

फादर: मग काय करू म्हणतेस?

ताई: जिथून बोललास तिथूनच बोल. आजच.

फादर: म्हणजे पुन्हा तिला लोकांच्या तोंडी देऊ?

ताई: तिचं कशाला सांगतोस? तुझं सांग. तू काय केलंस ते.

फादर: वेदी माझ्या घरच्या गोष्टींसाठी नाही.

ताई: तेव्हा होती?

फादर: बिशपांच्या कानावर गेलं तर? या पदाचा काही मान असतो, ताई...

ताई: हां! आता पोटातलं ओठावर आलं. दर रविवारी ‘मनं झाडून स्वच्छ करा, प्रभू येतोय’ म्हणून आमच्यावर डाफरतोस. झाडायचं आम्ही, आणि तू नुसता झगा घालून मिरवायचं? आई गेल्यावर मी वाढवलंय तुला, बाळ्या. पाठीत धपाटा घालायला हात शिवशिवतोय माझा. त्या झग्याची लाज राखायची म्हणून आवरलाय.

फादर: घंटा झाली. जायला हवं.

ताई: जा. मी शेवटच्या बाकावर बसणारेय. नुसतं गोड गोड बोललास तर भर प्रवचनातून उठून जाईन, सांगून ठेवते.

(मिस्सेत, प्रवचनाची वेळ.)

फादर: आज... आज लिहून आणलेलं वाचत नाही. गेल्या वर्षी इथूनच मी एका मुलीबद्दल बोललो. तुम्ही तिला ओळखलंत. ओळखणार हे मला ठाऊक होतं. ती माझ्या घरातली. लोक माझ्याकडे बोट दाखवतील अशी भीती वाटली, म्हणून आधी मीच तिच्याकडे दाखवलं. त्याला मी प्रवचन म्हटलं. एवढुशा लेकराला पाप म्हणालो मी. तिला कुणी काही विचारू नका. विचारायचं ते मला विचारा.

(त्याच दुपारी, ताईच्या दारात.)

भाची: आई घरी नाही, फादर.

फादर: तुझ्याकडेच आलोय.

भाची: कळलं सगळं. मिस्सा सुटायच्या आत फोन सुरू. ‘ऐकलंस का, ऐकलंस का.’ गेल्या वर्षीही असेच आले होते.

फादर: आधी इथं यायला हवं होतं. मग तिथं बोलायला. तेही चुकलंच.

भाची: हो, चुकलंच. मी नाताळला गाणार नाही.

फादर: गायला बोलवायला नाही आलो.

भाची: आणि माफही केलेलं नाही.

फादर: बरं.

भाची: बरं काय, बरं? वर्षभर भाजी आणायलासुद्धा मी काळोख पडल्यावर बाहेर पडले! बाळंतपणात आई एकटी धावत होती! मला खांद्यावर बसवून गाणी शिकवलीत ती तुम्ही, आणि हे केलंत तेही तुम्हीच!

फादर: हो. मीच.

भाची: रडू नका. तुम्ही रडलात की मला राग धरता येत नाही. आणि मला तो धरायचाय.

फादर: धर. मी उद्या येतो. परवाही येईन. बोलली नाहीस तर दारातूनच परत जाईन.

भाची: ...थांब, मामा. बाळ उठलं वाटतं. नळ उजवीकडे आहे, हात धुऊन ये आधी.