पसरणारं विश्व आणि पेठची गाडी

पेठच्या गाडीसाठी किशोर रांगेत उभा होता. त्याच्यामागं एक आजी आणि तिनं आजच नाशकात हॉस्टेलवर ठेवलेली नात बोलत होत्या.

“आजी, आधी सगळं विश्व लय दाटून होतं. मग ते पसरत सुटलं. अजून पसरतंय.”

“म्हंजी सगळंच लांब चाललंय?”

“लांबलांबच्या आकाशगंगा चालल्यात.”

“मंग आपलं पेठबी नाशकापासून लांब जाईल?”

“नाय गं. जवळचं जवळच्याला ओढून धरतं. तिथं ते पसरणं चालत नाय.”

“नक्की?”

“नक्की. शिकवलंय आम्हाला.”

“हायसं वाटलं बाई. मंग सकाळधरनं तू कशापायी रडतीस?”

किशोरला मागून नाक ओढल्याचा आणि मग हसल्याचा आवाज आला.

“आता नाय रडत. गाडी लागली, आजी. चढ तू.”