पाठमोरी हजार माणसं

मध्यवर्ती बसस्थानकावर लासूर स्टेशनच्या गाडीची वाट बघत बापलेक माझ्या शेजारी बसले होते. मुलीची गादी गुंडाळून बाकाला टेकवलेली होती.

“दोनदा नापास झालीस, अपेक्षा. आता बास. परीक्षा सोड, घरी ऱ्हा.”

“बरं, अण्णा.”

“त्या ॲक्चुअरीत करतात तरी काय?”

“माणसं किती जगतील ते काढतात. त्यावरून विम्याचा हप्ता ठरतो.”

“मंग माझं काढ.”

“एकट्याचं निघत नाय. तुमच्या वयाची हजार माणसं घ्यायची. पुढच्या साली त्यातली किती नसतील, तेवढं निघतं.”

“कोण नसंल?”

“ते नाय निघत. पण मला दिसतात ती, अण्णा. मैदानात पाठमोरी बसलेली. दर साली थोडी उठून जातात, बाकीची सरकून बसतात.”

“भ्या नाय वाटत?”

“नाय. लई शांत वाटतं.”

“अन् मी कुठंशी बसलोय?”

“सगळेच पाठमोरे. कसं ओळखू?”

“टोपीवरून ओळख की, येडे.”

“सगळ्यांनाच टोप्या हायेत.”

“…उस्मानपुऱ्यातल्या खोलीची किल्ली मालकिणीला दिलीस?”

“अजून नाय. अण्णा, गाडी लागली.”

“लागू दे. गादी मी घेतो, तू खोलीवर परत जायला रिक्षा बघ.”